पाटी कुणी जड केली?

आमच्या तालुक्याच्या गावी कार्यकर्त्यांनी उभी केलेली एक अभ्यासिका आहे. बाजारपेठेमागच्या बोळात, कामगार संघटनेच्या जुन्या कचेरीच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत ती भरते. स्पर्धा परीक्षांची मुले दिवसभर बसतात, शाळेतल्या मुली संध्याकाळी येतात. २०२१ साली, टाळेबंदीत मुलांचे शिक्षण खुंटल्याचे पाहून एका सद्गृहस्थांनी या अभ्यासिकेला आठ टॅब्लेट दिले. काही वर्षे ते बरे चालले. पुढे मुलांच्या तक्रारी सुरू झाल्या. बोट लावल्यावर पाच-सहा सेकंदांनी पडदा हलतो, गणिताच्या पाठाची चित्रफीत ऐन उदाहरणात अडकते, टंकलेली अक्षरे मागाहून एकदम उमटतात. तालुक्याच्या दुकानदाराने आठही पाट्या उलटसुलट करून पाहिल्या आणि निवाडा दिला : ‘‘जुने झाले, यांत आता काही राम नाही. नवे घ्या.’’ त्यानंतरच्या बैठकीत वर्गणी काढून नवे आठ टॅब्लेट घ्यावेत असा ठराव आला.

ठराव मांडणारे साथी माझे पंचवीस वर्षांचे सहकारी आहेत. त्यांच्या तळमळीविषयी कोणी शंका घेणार नाही. तरीही मी त्या ठरावाला विरोध केला आणि निर्णय पुढल्या बैठकीवर गेला. पाच मिनिटांच्या भाषणात जे नीट सांगता आले नाही ते येथे सविस्तर मांडतो. कारण असे ठराव आज शाळांत, वाचनालयांत, ग्रामपंचायतींत आणि आपल्या स्वतःच्या कचेऱ्यांतही होत आहेत, आणि ते करताना आपण कोणाचा हिशेब मान्य करीत आहोत याचा विचार होत नाही.

प्रथम दुकानदाराच्या निवाड्याकडे पाहू. त्यात एक गृहीत दडलेले आहे. यंत्र म्हातारे होते, म्हातारपणी मंद होते, आणि यात कोणाचा दोष नसतो, असे ते गृहीत. बैलाच्या बाबतीत ते खरे आहे. टॅब्लेटमधील प्रोसेसर मात्र बैल नव्हे. ज्या गतीने तो पहिल्या दिवशी आकडेमोड करीत होता, जवळपास त्याच गतीने तो पाच वर्षांनीही करतो. त्याच्यात झिजणारे चाक नाही, सैल होणारा पट्टा नाही. झिजतात त्या दोनच गोष्टी : बॅटरी, आणि काही अंशी साठवणीची चिप. उरलेला मंदपणा बाहेरून आलेला असतो. पाटी तीच राहते, तिच्यावर चढवलेले ओझे वर्षागणिक वाढत जाते. हे ओझे कोण चढवतो, हा प्रश्न दुकानदार विचारणार नाही. नवे यंत्र विकण्यावर त्याचे पोट आहे, म्हणून त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. आपण मात्र तो विचारला पाहिजे.

दुसरा एक निवाडा याहून साळसूद आहे. ‘तुम्हीच नको ती ॲप्स भरलीत, तुम्हीच फोटो साठवलेत, तुम्हाला वापरता येत नाही,’ असा तो. गरिबीचे कारण गरिबांची उधळपट्टी, कुपोषणाचे कारण आईचे अज्ञान, कर्जबाजारीपणाचे कारण लग्नातला खर्च, या जुन्याच तर्कशास्त्राची ही नवी आवृत्ती होय. त्यात कणभर सत्य असते, म्हणूनच ते धकून जाते. आमच्या अभ्यासिकेतील पाट्यांवर मुलांनी खेळ भरले होते हे खरे. पण पाटी नवी असतानाच तिच्या साठवणुकीचा मोठा हिस्सा कार्यप्रणालीने आणि कोणी न मागितलेल्या ॲप्सनी व्यापला होता, आणि त्यांतली कित्येक काढून टाकण्याची सोयच ठेवलेली नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

येथे जगजाहीर असे एक उदाहरण देतो. २०१२ साली गूगलने, आसूस या कंपनीकडून बनवून घेतलेला ‘नेक्सस ७’ हा सात इंची टॅब्लेट १९९ डॉलरना बाजारात आणला. त्या किमतीत इतका चांगला टॅब्लेट तोवर नव्हता, आणि लोकांनी तो उत्साहाने घेतला. काही महिन्यांतच तक्रारी येऊ लागल्या की साठवण भरत आली की टॅब्लेट रखडतो. कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या दगडी पाटीवर आपण बोटाने एखादी ओळ पुसून तेथेच दुसरी लिहीत असू. टॅब्लेटच्या साठवण-चिपला ही मुभा नसते. तिच्यातील एकच ओळ पुसून त्याच जागी नवी लिहिता येत नाही. लिहिण्यापूर्वी पाटीचा एक मोठा चौकोनच्या चौकोन धुवावा लागतो. त्यात जपून ठेवायचा मजकूर असेल तर तो आधी दुसरीकडे उतरवावा लागतो. आपण एखादी चित्रफीत काढून टाकतो तेव्हा कार्यप्रणाली तिच्यापुढे ‘रद्द’ अशी खूण करते. चिपला मात्र ती रद्द झाल्याचे वेगळे कळवावे लागते. न कळवल्यास चिप त्या मेलेल्या मजकुराचे इमानाने जतन करीत बसते, त्याची इकडून तिकडे ने-आण करते, आणि एक साधी ओळ लिहायलाही वेळ लावते. चिपला हे कळवण्याच्या व्यवस्थेला ‘ट्रिम’ म्हणतात. जुलै २०१३ मधील अँड्रॉइड ४.३ या आवृत्तीत ती आली, आणि रखडणाऱ्या पाट्या पुष्कळ सुधारल्या.

यंत्र तेच, चिप तीच. बाहेरून केलेल्या एका दुरुस्तीने ते पुन्हा चालू लागले. ‘जुने झाले’ म्हणणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल. परंतु गोष्ट येथे संपत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच टॅब्लेटसाठी अँड्रॉइड ५.० ही आवृत्ती आली, आणि ती बसवणाऱ्यांच्या पाट्या पुन्हा इतक्या मंद झाल्या की अनेकांनी त्या कपाटात टाकल्या. म्हणजे ज्या हाताने गती दिली त्याच हाताने ती काढूनही घेतली. यानंतर ज्यांच्या पाट्या चालत राहिल्या, त्यांनी एक तर जुनी आवृत्ती परत बसवली, किंवा जगभरच्या स्वयंसेवक तंत्रज्ञांनी तयार केलेली हलकी कार्यप्रणाली घेतली. पगार नाही, नफा नाही, केवळ ‘चालणारे यंत्र फेकायचे नाही’ या जिद्दीने माणसांनी हे काम केले. ते त्यांना करता आले, कारण त्या विशिष्ट टॅब्लेटचे कुलूप मालकाला उघडू देण्याची सवलत कंपनीने ठेवली होती. सर्वच कंपन्या ती ठेवीत नाहीत. ॲपलने २०१० साली पहिला आयपॅड विकला. त्याला मिळणाऱ्या सुधारित आवृत्त्या २०१२ मध्ये संपल्या. त्या कंपनीच्या यंत्रावर नवी आवृत्ती जड झाली म्हणून जुनी परत बसवू म्हटले, तर कंपनीची डिजिटल सही लागते आणि कंपनी काही काळानंतर ती देणे बंद करते. आपण पैसे मोजून विकत घेतलेल्या वस्तूत काय चालावे याला दुसऱ्याची संमती लागत असेल, तर आपण मालक आहोत की कूळ?

कूळ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल की आपल्या देशात संगणक प्रथम आले ते अशाच कूळपद्धतीने. आयबीएम कंपनी परदेशात कालबाह्य ठरलेली १४०१ जातीची यंत्रे येथे आणून भाड्याने देई. मालकी कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, आणि यंत्राचे आयुष्य किती हेही कंपनीच ठरवी. परकीय चलनविषयक १९७३ च्या कायद्यानुसार भांडवलातील परकीय वाटा कमी करण्यास तिने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती देशातून बाहेर पडली. तेव्हा जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. कोकाकोला गेली हे सर्वांना आठवते. आयबीएम गेल्यावर तिची येथली यंत्रे कोणी चालवली हे फार थोड्यांना माहीत असते. ती चालवली कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने. नावातच दुरुस्ती आणि देखभाल असलेली ही सार्वजनिक संस्था भारतीय अभियंत्यांच्या बळावर उभी होती. परकी कंपनी गेल्यावर संगणक ठप्प होतील हे भाकीत तिने खोटे ठरवले. पुढे २००१ साली तिचेही खासगीकरण झाले, तो वेगळा विषय. यंत्राची किल्ली कोणाच्या हाती हा प्रश्न आपल्याला नवा नाही, इतकेच मला येथे दाखवायचे आहे.

आता बॅटरीकडे वळू. २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीला मान्य करावे लागले की जुनी बॅटरी असलेल्या आयफोनची गती ती एका सुधारित आवृत्तीमार्फत कमी करीत होती. कंपनीचे म्हणणे असे की थकलेल्या बॅटरीवर पूर्ण ताण पडला तर फोन अचानक बंद पडतो, ते टाळण्यासाठी हे केले. तांत्रिकदृष्ट्या हे म्हणणे पोकळ नाही. प्रश्न हा की हे ग्राहकाला सांगितले का नाही? सांगितले असते तर त्याने थोडक्या पैशांत बॅटरी बदलली असती. न सांगितल्याने त्याला वाटले की फोन म्हातारा झाला, आणि त्याने नवा घेतला. फ्रान्समध्ये या लपवाछपवीबद्दल २०२० साली अडीच कोटी युरो दंड झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील अनेक राज्यांशी कंपनीने ११.३ कोटी डॉलरची तडजोड केली. इटलीच्या स्पर्धा नियामकाने त्याआधीच, ऑक्टोबर २०१८ मध्ये, ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला होता. सॅमसंगवरचा आरोप तर आपल्या विषयाला थेट भिडणारा आहे : नव्या फोनसाठी घडवलेली जड आवृत्ती जुन्या फोनवर बसवण्यास ग्राहकांना सतत उद्युक्त केले, आणि त्यामुळे होणाऱ्या बिघाडाची कल्पना दिली नाही.

‘हे सारे कारस्थान आहे असे तुम्हाला म्हणायचे का?’ असा प्रश्न बैठकीत एका तरुण अभियंत्याने मला विचारला. प्रश्न रास्त आहे. कारस्थाने होतात : १९२४ च्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा गट करून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवले होते, आणि अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड होता. पण आजच्या मंद टॅब्लेटसाठी प्रत्येक वेळी बंद खोलीतल्या कटाची गरज नाही. ॲप लिहिणाऱ्याच्या टेबलावर नवे, महागडे यंत्र असते. त्यावर त्याचे ॲप झरझर चालते. ते दोन जीबी रॅमच्या पाटीवर रांगते हे त्याला दिसत नाही, आणि दिसले तरी त्याची बढती त्यावर अवलंबून नसते. जाहिरातदाराला आपल्या मुलांच्या प्रत्येक बोटाची नोंद हवी असते. ती नोंद ठेवणाऱ्या आज्ञावली पाठाच्या ॲपमध्ये मागून बसवल्या जातात. यंत्र बनवणाऱ्याला जुन्या ग्राहकाकडून पुढे काही मिळायचे नसते, नव्या विक्रीतून मिळते. या प्रत्येकाने आपापला स्वार्थ पाहिला की पुरे, पाटी आपोआप जड होते. भांडवलशाहीतील बहुतेक अन्याय असेच, कोणीही हात न उगारता घडतात. सुधारित आवृत्त्यांतून सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जातात हेही मी नाकारीत नाही. म्हणूनच मागणी ‘आवृत्त्या नकोत’ अशी नसून सुरक्षेची डागडुजी वेगळी द्या, तिच्याबरोबर ओझे लादू नका, अशी असायला हवी.

हे केवळ तर्कट नाही हे पाहण्यासाठी मी, तो तरुण अभियंता आणि अकरावीतल्या दोन मुली सलग तीन रविवार त्या आठ पाट्यांसह बसलो. काय केले ते सांगतो; ज्यांना उपयोग होईल त्यांनी करावा.

सर्वांत मोठा फरक जागा मोकळी केल्याने पडला. आठांपैकी सहा पाट्यांची साठवण काठोकाठ भरली होती. वर चिपचे जे वर्णन केले त्यावरून कारण ध्यानात येईल : धुतलेले चौकोनच शिल्लक नसतील तर प्रत्येक अक्षरासाठी आधी धुणे आले. निदान पाचवा हिस्सा रिकामा राहील असे आम्ही केले. पाठांच्या चित्रफिती मेमरी कार्डावर हलवल्या. ॲप्स मात्र कार्डावर हलवू नयेत, कार्डाची गती कमी असल्याने ती आणखी रखडतात; ही चूक आम्ही एका पाटीवर करून बसलो आणि निस्तरली. जी ॲप्स काढता येत होती ती काढली, जी काढता येत नव्हती ती निदान निष्क्रिय केली. मुलांनी मोठ्या विश्वासाने बसवलेली, ‘टॅब्लेट वेगवान करतो’ अशी ग्वाही देणारी दोन ॲप्स पहिल्याच दिवशी हाकलली. हा तर भोंदू वैद्याचाच धंदा आहे. असे ॲप स्वतः पडद्यामागे अखंड जागे राहते, जाहिराती दाखवते आणि कार्यप्रणालीने सोयीसाठी तयार ठेवलेली कामे मारून टाकते. ती कामे मग पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावी लागतात, त्यात वेळही जातो आणि बॅटरीही. उघडलेली ॲप्स दर दोन मिनिटांनी झटकून बंद करण्याची मुलांची सवयही याच जातीची. ज्या सेवा ब्राउझरमधून चालतात त्यांची ॲप्स आम्ही ठेवलीच नाहीत. सेटिंगमधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट मारले की तंत्रज्ञांसाठीचे पर्याय उघडतात, तेथे पडद्यावरच्या हालचालींचा अवधी निम्मा केला. याने यंत्राचे काम कमी होत नाही, वाट पाहणे तेवढे कमी होते, पण वाट पाहणाऱ्या मुलीला तेही पुष्कळ.

तीन पाट्या एवढ्यानेही सुधारेनात, तेव्हा मुलांच्या टिपणांची प्रत काढून घेऊन त्या मूळ स्थितीला नेल्या. त्यांतली एक उघडताना देणगीदाराच्या जुन्या खात्याचा परवलीचा शब्द मागू लागली. चोरी रोखण्यासाठीची ही योजना चांगली आहे, पण दान देणाऱ्यांनी आपले खाते आधी काढून मग द्यावे, एवढे या निमित्ताने सांगून ठेवतो. सद्गृहस्थांना तो शब्द आठवायला दोन दिवस लागले.

एका गोष्टीत तर आमचाच दोष निघाला. पत्र्याखालच्या खोलीत, एप्रिलच्या दुपारी, जाड रबरी आवरणात घालून, चार्जरला लावूनच मुले टॅब्लेट वापरीत. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. आवरणे काढली, जागा खिडकीपाशी केली, चार्जिंग रात्रीवर नेले. यासाठी कोणा कंपनीवर मोर्चा नेण्याचे कारण नव्हते.

आठांपैकी सहा पाट्या आज अभ्यासाला पुरेशा गतीने चालतात. सातवीची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते. ती ताबडतोब बंद करून बाजूला ठेवली, कारण फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते आणि ती कधीही टोचून पाहू नये. नव्या बॅटरीसाठी कंपनीच्या अधिकृत केंद्रात विचारले तर ‘या मॉडेलचे सुटे भाग येत नाहीत’ असे उत्तर मिळाले. पाच वर्षेही न झालेल्या वस्तूचे हे उत्तर! आठवी पाटी चालते, पण तिला सुरक्षेची डागडुजी मिळणे कधीच बंद झाले आहे आणि तिचे कुलूप उघडता येत नाही. ती आम्ही फक्त वाचनासाठी ठेवली. अशा पाटीवर बँकेचे वा पैशाचे कोणतेही व्यवहार करू नयेत.

या शेवटच्या दोन पाट्या महत्त्वाच्या आहेत. सहा पाट्यांपर्यंत स्वावलंबन पुरले. त्यापुढे कायदा लागतो.

आणि कायद्याची स्थिती काय आहे? ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला अँड्रॉइडमधील मक्तेदारीबद्दल १३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला, आणि अन्य आदेशांबरोबर असाही आदेश दिला की आधीच बसवलेली गूगलची ॲप्स काढून टाकण्यास ग्राहकाला मज्जाव करू नये. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जे चार आदेश रद्द केले त्यांत हा ॲप्स काढण्याचाही होता. दंड सरकारी तिजोरीत, आणि नको असलेली ॲप्स आपल्या पाटीवर जशीच्या तशी! या निकालावर वृत्तपत्रांत चर्चा झाली ती दंडाच्या आकड्याची. आपल्या पक्षानेही त्यावर एक पत्रक काढले नाही, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

दुसरीकडे पाहा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेट यांना नवे नियम लागू झाले आहेत. त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर निदान पाच वर्षे सुधारित आवृत्त्या, सात वर्षे सुटे भाग, आणि आठशे वेळा भरून-रिकामी झाल्यावरही निदान ऐंशी टक्के ताकद उरेल अशी बॅटरी, अशा अटी त्यांत आहेत. हे करणारी सरकारे काही समाजवादी नव्हेत. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्याच वर्षाअखेरीस एक संकेतस्थळ उघडले, पुढे दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी आणखी एक समिती नेमली आणि २०२५ मध्ये तिचा अहवालही घेतला. समित्यांना तोटा नाही. पण ‘सुटे भाग येत नाहीत’ म्हणणाऱ्या केंद्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती संकेतस्थळाचा पत्ता देऊन काय होणार? त्याला दंडाची तरतूद असलेले कलम हवे.

सरकार स्वतःच या वस्तूंचे मोठे गिऱ्हाईक आहे, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत मोठ्या समारंभाने ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट विद्यार्थ्यांना देण्यात आला. त्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी, आणि पडदा बोटाने दाबून चालवायचा. तो जन्मतःच मंद होता. वर्षभराने त्याची सुधारलेली आवृत्ती आणावी लागली, आणि ते काम मुंबईच्या आयआयटीकडे आले. गरिबाच्या मुलाला मंद यंत्र चालेल, ही त्यामागची वृत्ती अजून गेलेली नाही. २०१९ साली महाराष्ट्रातील लाखभर अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानाखाली दोन जीबी रॅमचे फोन देण्यात आले. मग २०२१ मध्ये वरून ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. जुना फोन त्याखाली दबून गेला, तापू लागला, अडकू लागला. हमीची मुदत संपलेली. दुरुस्तीचा खर्च आठ-साडेआठ हजार मानधनावर राबणाऱ्या बाईच्या माथी. त्यात ॲपची भाषा इंग्रजी. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये या सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत एकत्र येऊन ते फोन सरकारला परत केले. मंद यंत्राविषयी आपल्या राज्यात झालेले इतके स्वच्छ राजकीय विधान मला दुसरे माहीत नाही. ‘तुम्हाला वापरता येत नाही’ हे ऐकून घ्यायला त्या तयार नव्हत्या; ओझे तुम्ही वाढवलेत, तेव्हा फोनही तुम्हीच सांभाळा, असे त्यांनी बजावले.

आपल्यातील काही साथींना हा विषय किरकोळ वाटतो. शेतमालाला भाव नाही, कंत्राटी कामगाराला संरक्षण नाही, आणि हे टॅब्लेटची गती मोजत बसले, असे एकाने मला ऐकवले. परंतु रेशनपासून पीकविम्यापर्यंत आणि शिष्यवृत्तीपासून रोजगार हमीच्या हजेरीपर्यंत सारे काही पडद्यावर नेऊन ठेवल्यावर ज्याचा पडदा अडकतो त्याचा हक्कच अडकतो. अर्ज भरण्याची वेळ टळून गेलेली मुलगी आमच्या अभ्यासिकेत आहे. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला, गांधीजींनी यंत्राविषयी इतके साशंक असूनही शिवणयंत्राचा अपवाद केला. माणसाला उलगडता येईल, आपल्या हातांनी चालू ठेवता येईल अशा यंत्राविषयीची आस्था आपल्या परंपरेत पहिल्यापासून आहे. आमच्या गावात पंपाची मोटर नव्याने गुंडाळून देणारे कारागीर आजही चार आहेत. त्यांतल्या एकाचा मुलगा फोनही दुरुस्त करतो. सुट्या भागांचे गोंदाने चिकटवलेले झाकण उघडताना तो जे शब्द वापरतो ते या पानावर छापता येणार नाहीत.

येत्या बैठकीत मी उपसूचना मांडणार आहे. नव्या आठ टॅब्लेटांची खरेदी रद्द करावी. जमलेल्या वर्गणीतून त्या मुलाला महिन्यातून दोन रविवारांचे मानधन आणि हत्यारांचा एक संच द्यावा, आणि आमच्याबरोबर बसलेल्या त्या दोन मुलींनी त्याच्या हाताखाली शिकावे. सातव्या पाटीसाठी बॅटरी बाजारातून शोधावी. न मिळाल्यास त्या कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे संस्थेच्या नावाने तक्रार करावी. जिल्हा परिषदेला निवेदन द्यावे की शाळांसाठी यापुढे निघणाऱ्या प्रत्येक निविदेत सुरक्षेच्या आवृत्त्यांची वर्षे, सुट्या भागांच्या किमती, नको ती ॲप्स काढण्याची मुभा आणि कुलूप उघडण्याची सवलत या चार अटी असाव्यात. ज्या तालुक्यांत असे ठराव आलेले असतील तेथील साथींनी खरेदीपूर्वी जुन्या पाट्या एक-दोन रविवार उघडून पाहाव्यात आणि किती चालू झाल्या, किती कुलूपबंद निघाल्या, कोणत्या भागांना नकार मिळाला, याची लेखी नोंद मला पाठवावी. निवेदनाला जोडायला ती हवी आहे.